मानधनाची तारीख आणि पहाटे तीनची जाग

पत्र

वय ३५. एम.कॉम., सेट. सहा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासापुरत्या मानधनावर, शिकवतो. यंदा आठवड्याला सात तासिका मिळाल्या, चार दिवसांत विखुरलेल्या. दुपारी एका कृषी केंद्रावर बिलं करतो, तिथले महिन्याला ६ हजार. कॉलेजचं मानधन पाच-सहा महिन्यांनी एकदम येतं. गेल्या वर्षी दोन हप्ते मिळून १ लाख ४४ हजार आले आणि कुठं गेले कळलं नाही. मे-जूनमध्ये तर तासिकाच नसतात. मधल्या वेळेत मोकळा असतो, तरी पीएचडीचा प्रबंध सहा महिन्यांत उघडलेला नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. बिलात चुका होतात, मुलीवर उगाच ओरडतो. आठवड्यातून दोन-तीनदा थोडी घेतल्याशिवाय झोप लागत नाही. परवा एका विद्यार्थ्याचे वडील कपाशीचं बियाणं घ्यायला आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही इथं?" मी गोडाऊनमध्ये जाऊन उभा राहिलो. वडील म्हणतात, एवढं शिकून यापेक्षा सालदारकी (वर्षाच्या ठरावावर दुसऱ्याच्या शेतात राबणं) बरी होती. भाऊबंद विचारतात, "परमनंट कवय व्हशी भो?" (परमनंट कधी होशील, भाऊ?) कधी कधी वाटतं सकाळी उठूच नये. काम तर आहे, मग मला झालंय काय? मी कामचुकार झालोय का? आणि एक बारीक गोष्ट. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना मी कोरा ठेवून आलो. तिथं काय लिहू?

— एरंडोल तालुक्यातून एक वाचक

उत्तर

सर,

पत्रातली एक ओळ सगळ्यांच्या आधी घेतो: "सकाळी उठूच नये." ती तुम्ही भाऊबंदांच्या टोमण्याला जोडून घाईघाईत लिहून टाकली आहे. आज स्वतःला एवढं विचारा: नुसतं उठू नये असं वाटतं, की जीव द्यायचा विचार येतो आणि कसा, कधी हेही मनात येतं? दुसरं असेल तर पुढचं वाचत बसू नका. घरात जे कोणी असेल त्यांना सांगा, एकटे राहू नका आणि १४४१६ या टेली मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नाहीतर सरळ सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. गाडीची सोय नसेल तर १०८ बोलवा. नुसतं उठू नये असं वाटत असेल, तरी याच आठवड्यात डॉक्टरांपुढे हे वाक्य बोलायचं आहे, आडवळण न घेता, याच शब्दांत.

तुमचं घर शेतकऱ्याचं आणि नोकरी कृषी केंद्रावर, म्हणजे फवारणीचं औषध दोन्हीकडे हाताशी. असे विचार बहुतेकदा लाटेसारखे चढतात आणि काही वेळाने ओसरतात. त्या वेळात हाताजवळ काय आहे, यावर फार काही ठरतं. घरातलं उरलंसुरलं औषध आजच बाहेर काढून पेटीत कुलूपबंद करा आणि किल्ली पत्नीकडे द्या. पेटी कुठं ठेवली हेही त्याच ठरवतील. दुकानमालकांना एवढंच सांगा की तब्येत बरी नाही, महिना-दीड महिना मला काउंटरवरच राहू द्या, गोडाऊनला दुसऱ्याला पाठवा, दुकान बंद करायला मला एकट्याला थांबवू नका. मालकांना याहून जास्त सांगायची गरज नाही. पत्नीला मात्र सगळं सांगा. त्या हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: "जीव द्यायचा विचार येतो का?" असं थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ज्याच्या मनात तो आहे, त्याला बोलायला वाट मिळते.

आता "मला झालंय काय?" जगभर डॉक्टर यासाठी नऊ प्रश्नांची एक साधी चाचणी वापरतात, पीएचक्यू-९ नावाची. मागच्या दोन आठवड्यांचाच हिशेब करायचा. कशातच रस न वाटणं, मन उदास किंवा निराश असणं, झोप बिघडणं, थकवा, भूक कमी किंवा जास्त होणं, आपण वाया गेलो असं वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा जिवाची तगमग होणं, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येकाला गुण द्या: कधीच नाही तर ०, काही दिवस असेल तर १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. एकूण २७ पैकी १० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांना भेटायचं. शेवटच्या प्रश्नाला १ जरी आला, तरी बेरीज कितीही असो, भेटायचंच. तुमच्या पत्रात झोप, लक्ष, स्वतःला दोष आणि हा शेवटचा विचार, एवढं तर लिहूनच आलंय. निदान आम्ही पत्रावरून करणार नाही. पण पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं हे नैराश्याच्या आजारात नेहमी दिसणारं लक्षण आहे, आणि तो आजार बरा होतो.

एरंडोलहून तुम्हाला जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. धुळे आणि नंदुरबारलाही अशी महाविद्यालयं आहेत. मानसोपचाराची ओपीडी म्हणून विचारा. ज्या दिवशी तासिका नाही असा वार धरा आणि सकाळी लवकर पोचा. जाताना एका कागदावर आठवडाभराच्या झोपेच्या वेळा, दारू किती आणि कोणत्या दिवशी, आणि चालू असलेल्या गोळ्या लिहून न्या. तपासणीच्या खोलीत मिळणाऱ्या थोड्या वेळात हे आठवत बसलात तर मुख्य गोष्ट राहून जाते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासायचं का, हे स्वतःहून विचारा. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी पडलं तर थकवा, उदासी, विसराळूपणा हे सगळं हुबेहूब असंच दिसतं. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता नेहमी सापडते.

गोळ्या सुरू केल्या तर बिघडतं कुठं, तेही आधीच सांगून ठेवतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, तोंड कोरडं, थोडी अस्वस्थता होऊ शकते, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. याच फटीत बरेच जण दहाव्या दिवशी गोळी सोडतात आणि "मला चालली नाही" म्हणतात. दुसरी चूक दोन-तीन महिन्यांनी होते. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद. अशाने गरगरतं, आजारही उलटतो. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालवतात आणि मग डॉक्टरच हळूहळू कमी करतात. पहिल्या काही आठवड्यांत विचार जास्त त्रास देऊ लागले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच जा. एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या मागा, आणि त्या पत्नीकडे ठेवा. मेडिकलवरून झोपेची गोळी मात्र स्वतःहून आणू नका.

आणि ती "थोडी". दारू झोप लावते खरी, पण तिचा अंमल उतरू लागला की रात्रीचा दुसरा अर्धा भाग तुटतो. तुमच्या तीनच्या जागेत तिचा वाटा किती, हे कळायला तीन आठवडे पूर्ण बंद ठेवून बघा. पहिले चार-पाच दिवस झोप उशिरा लागेल, ते धरून चाला. हे प्रमाण वाढून रोजचं झालं असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. त्यालाही डॉक्टर लागतो.

आता कामाकडे येऊ. कारण नुसत्या गोळीने कॉलेजचं मानधन वेळेवर येणार नाही.

"काम तर आहे" असं तुम्ही लिहिता. सरकारी पाहणीही तेच म्हणेल. देशाच्या नियतकालिक श्रमबल पाहणीत, साप्ताहिक निकषाने, सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरतात. त्यामुळे तुम्ही बेरोजगारांच्या आकड्यात कुठंच नाही. पण कामाचे तास अपुरे, आणखी करायची तयारी, आणि मिळत नाही, याला अर्थशास्त्रात अल्परोजगारी म्हणतात. शिक्षणाच्या मानाने हलकं काम पदरी पडणं ही तिचीच दुसरी जात. तुमच्याकडे दोन्ही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमाप्रमाणे पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. तुमच्या वाट्याला सात, आणि दुपारी एम.कॉम.चा माणूस बिलं फाडतोय.

वडिलांच्या तोंडचं सालदारकीचं वाक्य तुम्हाला लागलं. त्यात अपमान आहेच. पण सालदारकीत एक गोष्ट अशी आहे जी तुमच्या कामात नाही, आणि वडिलांना बहुधा तीच बोचत असावी. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल संपतं आणि नवं ठरतं. आकडा ठरतो, धान्य ठरतं, उचल किती ते ठरतं. पुढच्या आखाजीपर्यंत त्याला माहीत असतं की तो कुठं असेल आणि हाती काय येईल. कष्ट कितीही असोत, तारीख पक्की. तुमच्याकडे नियुक्ती आदेश कधी निघेल, तासिका किती मिळतील, मानधन कधी येईल, जाहिरात कधी निघेल, यातली एकही तारीख तुमच्या हातात नाही. कामाची अनिश्चितता माणसाला आजारी पाडते हे जागतिक आरोग्य संघटनाही स्पष्टपणे मांडते. कमी पगार आणि डळमळीत नोकरी हे दोन्ही तिने मानसिक आरोग्याच्या जोखमींत धरले आहेत. अडचण ठरलेली असली तर माणूस तिच्याशी जुळवून घेतो. वाट बघण्याशी जुळवून घेता येत नाही, कारण आशा दर पंधरा दिवसांनी पुन्हा उचल खाते.

त्यात अर्धवेळ कामाचं स्वतःचं एक दुखणं आहे. पूर्ण बेकार माणसाला निदान घरचे धीर देतात, सवलत देतात. अर्ध्या कामाच्या माणसाला ती मिळत नाही. आठवड्याच्या सात तासिकांसाठी चार दिवस सकाळी इस्त्रीचा शर्ट, आणि दुपारी त्याच शर्टात बियाण्याची पाकिटं. तासिका संपते आणि दुकान उघडतं यांच्यामध्ये जे दीड-दोन तास पडतात, ते घरी जायला अपुरे आणि काम करायला विस्कटलेले. असा वेळ मोकळा दिसतो, पण हाताला लागत नाही.

प्रबंध उघडला जात नाही त्याला तुम्ही आळस म्हणता. ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाचं कापड गिरणीचं गाव होतं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथं बारकाईने पाहणी केली. लोकांकडे दिवसभर वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं कमी झाली. पुरुषांची रस्त्याने चालण्याची गतीसुद्धा मंदावली होती. याहोडाने पुढे मांडलं की नोकरी पगाराशिवाय आणखी काही देत असते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी नातं, आपण कशाला तरी उपयोगी आहोत ही जाणीव, समाजात एक ओळख आणि रोज काहीतरी करायला लावणारा रेटा. तुमच्या कामात यातलं प्रत्येक निम्मं आहे. स्टाफरूममध्ये बसायला खुर्ची आहे, पण बैठकीला बोलावणं नाही. विद्यार्थी 'सर' म्हणतात, पण जूनमध्ये तुम्ही तिथं असाल की नाही हे त्यांनाही माहीत नसतं. अशा वेळी सहा महिने प्रबंध बंद राहतो यात आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

बिलातल्या चुकांचंही कारण आहे. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची तोडणीच्या आधी, पैशांची ओढाताण असताना, आणि तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर, अशी दोनदा बौद्धिक चाचणी घेतली. आधीची चाचणी वाईट गेली होती. माणूस तोच. डोक्यात सतत वजाबाकी चालू असली की समोरच्या बेरजेला जागा कमी उरते. कामचुकार माणूस स्वतःच्या चुका मोजत बसत नाही, सर.

म्हणून आमचा सल्ला एकाच दिशेचा आहे. ज्या तारखा दुसऱ्यांच्या हातात आहेत त्यांच्या बदल्यात काही तारखा आपल्या हातात घ्या.

पहिली तारीख पगाराची. कॉलेजचे १ लाख ४४ हजार आणि दुकानाचे ७२ हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख १६ हजार, महिन्याला सरासरी १८ हजार. हप्ता ७२ हजारांचा एकदम येतो तेव्हा उधाऱ्या, सण, दुरुस्ती सगळं त्याच पंधरवड्यात निघतं आणि पुढचे पाच महिने ६ हजारांवर. पुढचा हप्ता आला की तो वेगळ्या खात्यात राहू द्या, ज्याचं एटीएम कार्ड खिशात नाही. त्यातून दर महिन्याच्या १ तारखेला १० हजार घरखर्चाच्या खात्यात आपोआप जातील अशी सूचना बँकेत देऊन ठेवा. दुकानाचे ६ धरून घराला दर महिन्याला १६ हजार, ठरलेल्या दिवशी. वर्षाला १ लाख २० हजार असे जातील, २४ हजार अडीअडचणीला उरतील. उधारी फेडायची ती या २४ मधून, आणि देणेकऱ्याला तसं आधी सांगून. पहिल्या हप्त्याला हे जमणार नाही, कारण जुनी देणी डोक्यावर असतील. तेव्हा १० च्या जागी ७ लावा, पण तारीख मोडू नका. मधल्या काळात मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला हात लावू नका. घेतलंच असेल तर एवढं माहीत असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. ओळखीच्यांना फोन करून बदनामी करण्याची धमकी आली तर पोलिसांत तक्रार करा.

मानधन लांबतं ते नेमकं कुठं, हेही शोधता येतं. दर महिन्याला तासिकांचा तक्ता विभागप्रमुखांची सही घेऊन स्वतःकडे झेरॉक्स ठेवा. कॉलेज अनुदानित असेल तर बिलं विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयातून जातात. आधी कॉलेजच्या कार्यालयात साधा अर्ज द्या आणि त्यावर आवक क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. "मानधन का मिळालं नाही?" असं विचारलंत तर काहीच हाती लागणार नाही. "अमुक महिन्यांची देयकं महाविद्यालयाने कोणत्या तारखेला सादर केली, त्यांवर कोणती त्रुटी काढली, सध्या ती कोणत्या टेबलवर आहेत" असं विचारा. एकट्याच्या नावाने भीती वाटत असेल तर दोन-तीन कॉलेजांतल्या तासिकावाल्यांनी मिळून करा. एकटं न वाटायला याचाही उपयोग होतो.

दुसरी गोष्ट वेळापत्रक. जून-जुलैत वेळापत्रक बनतं, तेव्हाच विभागप्रमुखांना भेटून सात तासिका तीन दिवसांत बसवून मागा. एक अख्खा दिवस सुटतो, भाडंही वाचतं. आणि तुमच्या दोन कामांचे हंगाम एकमेकांत नीट बसतात, हे तुम्ही अजून वापरलेलं नाही. मे-जूनमध्ये तासिका नसतात, तेव्हाच कपाशीच्या बियाण्याने दुकानात उभं राहायला जागा नसते. दिवाळीच्या सुट्टीत हरभरा, गहू, मक्याची घाई. मालकांना आखाजीच्या आधी जाऊन सांगा: मे-जून आणि दिवाळीची सुट्टी पूर्णवेळ येतो, त्या काळाचा दर वेगळा, चिठ्ठीवर लिहून. हंगामात हिशेब कळणारा माणूस मिळणं मालकांनाही सोपं नसतं. आणि तुमच्या दुकानाचं जीएसटीचं विवरणपत्र सध्या कोण भरतं, ते विचारा. मासिक भरणाऱ्यांना ११ आणि २० या तारखा असतात. वाणिज्य शिकवणाऱ्या माणसाने टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि विवरणपत्राचं हे काम हातात घेतलं तर बियाण्याची पाकिटं मोजण्यापेक्षा ते तुमच्या शिक्षणाला शोभणारं आहे. दुकानं, जिनिंग, डाळमिल, पतसंस्था सगळीकडे ते लागतं.

दिवसाचं म्हणाल तर दोनच गोष्टी धरा, पण त्या सोडू नका. उठायची वेळ रोज एकच, समजा साडेपाच, रात्र कशीही गेली तरी. तीनला जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरूण सोडून दुसऱ्या खोलीत बसा, मोबाइल न घेता. डोळे जड झाले की परत या. अंथरुणात पडून विचार करायची सवय मोडायला दोन-तीन आठवडे लागतात. उठल्यावर अर्धा तास चाला. उन्हाळ्यात सहाच्या आत, नंतर आपल्याकडचं ऊन चालू देत नाही. दुसरी गोष्ट, तो मधला दीड तास. घरी किंवा टपरीवर नाही, तालुक्याच्या वाचनालयात ठरलेल्या खुर्चीवर. प्रबंध लिहायचा नाही, पहिले दोन आठवडे फक्त उघडायचा आणि २५ मिनिटं एका प्रकरणातल्या तळटिपा तपासायच्या. हुरूप आला की काम करू, असं ठेवलंत तर काम होणार नाही. नैराश्यात हुरूप कामाच्या मागून येतो. रात्री वहीत त्या दिवसाच्या प्रत्येक कामाला दहापैकी दोन आकडे द्या, बरं किती वाटलं आणि जमलं किती. आठवड्याने वही वाचताना कळेल की काही कामं नकोशी वाटली तरी झाल्यावर बरं वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात ती वाढवायची.

पैशांची चर्चा पत्नीबरोबर रोज नको. रविवारी अर्धा तास, वही घेऊन. बाकीच्या दिवशी विषय निघाला की वहीत टिपून ठेवायचा, रविवारी बघू म्हणायचं. मुलीवर ओरडलात तर त्याच संध्याकाळी तिला सांगा की चूक माझी होती, तुझी नव्हती. लहान मुलं घरातल्या ताणाचा दोष स्वतःवर घेतात.

भाऊबंदांच्या प्रश्नाला एक वाक्य पाठ करून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही. "कॉलेजात शिकवतो, दुपारी दुकानाचे हिशेब बघतो, दोन्ही चालू आहे." आणि लगेच, "तुमच्या कपाशीचं काय?" बहुतेक जण कपाशीच्या भावावर बोलू लागतील. लग्नकार्य टाळू नका. तासभर जा, जेवा, निघा. जाणं सोडलंत की पुढच्या वेळी जाणं आणखी अवघड होतं. दुकानात "सर, तुम्ही इथं?" म्हणणारे पुन्हा येतील. "हो, दुपारी इथं असतो. कोणतं वाण देऊ?" एवढं पुरे. त्या माणसाने तुम्हाला सर म्हटलं होतं, हेही ध्यानात घ्या.

मोठी तारीख शेवटी: येणारी आखाजी. त्याच सुमाराला पुढच्या वर्षाचं सगळं ठरवता येतं, कारण कॉलेज आणि हंगाम दोन्ही त्यानंतर सुरू होतात. त्या दिवशी पत्नीबरोबर बसून तीनच गोष्टी बघायच्या. प्रबंधाची किती प्रकरणं मार्गदर्शकांकडे गेली. वर्षात किती ठिकाणी रीतसर मुलाखत झाली. हिशेबाच्या कामातून महिन्याला किती सुटतं. किती झालं तर आणखी एक साल तासिका घ्यायच्या आणि किती नाही झालं तर सोडायच्या, हे आकडे आजच लिहून कपाटात ठेवा. त्या दिवशी ठरवायला गेलात तर आशा मध्ये पडेल. आजार अंगात असताना मात्र राजीनामा देऊ नका, शेत विकायलाही काढू नका. निदान दोन महिने उपचार होऊ द्या. परमनंट जागेसाठी कोणी लाखांचा आकडा सांगितला तर त्याची ना पावती मिळते ना हमी. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

आता तो रकाना. तिथं लिहा: "सहायक प्राध्यापक, तासिका तत्त्वावर, आणि हिशेबनीस." दोन्ही खरं आहे. जागा कमी असेल तर नुसतं "अध्यापन" लिहिलं तरी चालेल. सोमवारी शाळेत जाऊन फॉर्म मागून घ्या, मुलगी बरोबर असली तर तिच्यासमोर भरा.